१८४९ ची उमेदवार : झान देरवँ आणि ‘काळाच्या पुढे’ असल्याचा ठपका

झान देरवँ ही एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच पत्रकार, शिक्षिका आणि राजकीय कार्यकर्ती. तिचा जन्म ३१ डिसेंबर १८०५ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि मृत्यू १८९४ मध्ये लंडनमध्ये. फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचाही हक्क नव्हता, त्या काळात, मे १८४९ च्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत तिने स्वतःची उमेदवारी जाहीर केली. इतिहासाच्या पुस्तकांत तिचे नाव आलेच, तर या एका घटनेपुरते येते आणि त्याला जोडून एक ठरलेला निकालही येतो. बाई धाडसी खरी, पण स्वप्नाळू. उमेदवारी हा निव्वळ देखावा. प्रजासत्ताक नुकते कुठे उभे राहत होते, तेव्हा ही मागणी अवेळी. खुद्द जॉर्ज सँडसारख्या लेखिकेने या बायकांना झिडकारले होते. देरवँची भाषा मातृत्वाच्या गौरवाची, म्हणजे आजच्या अर्थाने तिला स्त्रीवादी म्हणणेही कठीण. आणि एवढे करून हाती काय लागले? तुरुंग आणि देशत्याग. या सगळ्यावर साखर पेरावी तसे शेवटी एक वाक्य असते : ती काळाच्या पुढे होती. वाक्य गौरवाचे वाटते, पण त्याचा उपयोग वेगळाच होतो. काळ निर्दोष सुटतो आणि घाई केल्याचा ठपका बाईवर राहतो.

आधी स्वप्नाळूपणा पाहू. देरवँ कामगार वर्गातली. तरुणपणी तिने कपडे शिवून पोट भरले. १८३० च्या क्रांतीनंतर समाजवादी विचारवंत सँ-सिमाँच्या अनुयायांनी स्त्री-पुरुष समतेची आणि श्रमाच्या नव्या व्यवस्थेची भाषा सुरू केली, तेव्हा ती त्यांच्याकडे ओढली गेली. मात्र त्या पंथातली गुरूशाही आणि उतरंड तिच्या पचनी पडली नाही, आणि ती फार काळ तिथे रमलीही नाही. १८३२ मध्ये तिने देरॉश नावाच्या सहकाऱ्याशी लग्न केले, तेही चर्चमध्ये न जाता, नोंदणी करून. पुढे सार्वजनिक जीवनात ती माहेरच्याच नावाने वावरली. ज्या देशाच्या नागरी संहितेतील कलम २१३ पत्नीला पतीची आज्ञा पाळायला सांगत होते, त्या देशातली ही गोष्ट आहे.

स्वतःच्या बळावर अभ्यास करून तिने शिक्षिकेचा परवाना मिळवला आणि गरीब मुलांसाठी शाळा काढली. १८३३ च्या गिझो कायद्याने प्रत्येक गावाला मुलांची प्राथमिक शाळा चालवणे बंधनकारक केले होते. मुलींच्या शाळांबाबत तशी सक्ती नव्हती. ती १८५० च्या फालू कायद्याने आली, आणि तीही फक्त ८०० च्या वर वस्तीच्या गावांसाठी. तेव्हा शिवणकाम करणारी एक बाई तीन मुले सांभाळून परीक्षा देते आणि शाळा चालवते, याला स्वप्नाळूपणा म्हणायचे असेल तर व्यवहारीपणा कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागेल. शिवणयंत्राआधीच्या काळात हाताने शिवणाऱ्या बाईला दिवसाचे तास आणि मजुरीचे पैसे यांचा हिशेब कुणी शिकवावा लागत नसे.

फेब्रुवारी १८४८ मध्ये राजेशाही कोसळली. ५ मार्चच्या हुकुमाने हंगामी सरकारने ‘सार्वत्रिक’ मतदान जाहीर केले आणि सुमारे अडीच लाख मतदारांच्या जागी एका फटक्यात नव्वद लाखांहून अधिक मतदार आले. शालेय पुस्तके आजही या आकड्याकडे मोठ्या कौतुकाने बोट दाखवतात. हुकुमाने २१ वर्षे पूर्ण झालेल्या सर्व फ्रेंच नागरिकांना मत दिले. स्त्रियांना वगळावे असे एकही कलम त्यात नव्हते. वगळणे इतके गृहीत धरलेले होते की ते लिहिण्याचीही कुणाला गरज भासली नाही. मार्चमध्येच स्त्रियांचे एक शिष्टमंडळ पॅरिसचा महापौर आर्माँ मारास्त याला भेटले. त्याने सांगितले की स्त्रियांना हे हक्क पूर्वी कधी नव्हते, तेव्हा एवढ्या मोठ्या प्रश्नावर हंगामी सरकार निर्णय घेऊ शकत नाही; तो निवडून येणारी राष्ट्रसभा घेईल. पूर्वी हक्क तर शेतमजुरालाही नव्हता. त्याच्यासाठी मात्र राष्ट्रसभेची वाट पाहावी लागली नाही. आणि ज्या सभेने स्त्रियांचा प्रश्न सोडवायचा, ती निवडायची फक्त पुरुषांनी. या तर्कातली मेख देरवँला दिसली. मारास्तला ती दिसली नसेल, असे मानणे त्याच्या बुद्धीचा अपमान ठरेल.

२० मार्च १८४८ पासून युजेनी निब्वाये हिने ‘ला व्वा दे फाम’ म्हणजे ‘स्त्रियांचा आवाज’ हे दैनिक सुरू केले. देरवँ त्याच्या प्रमुख लेखिकांपैकी एक होती. एप्रिलच्या सुरुवातीला या पत्राने जॉर्ज सँडचे नाव राष्ट्रसभेसाठी सुचवले आणि इथूनच ‘खुद्द सँडने झिडकारले’ हा मुद्दा निघतो. सँडने वर्तमानपत्रात पत्र छापून या स्त्रियांशी आपला काही संबंध नसल्याचे तुटकपणे कळवले. त्याच सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात तिने आपले कारण मांडले : विवाहाच्या कायद्याने स्त्री पतीच्या ताब्यात आहे तोवर तिचे राजकीय मत स्वतंत्र असणार नाही, म्हणून आधी नागरी समता, मग राजकीय हक्क.

युक्तिवाद वजनदार आहे, यात शंका नाही. पण तो मांडणारी लेखिका त्याच आठवड्यांत काय करत होती? गृहमंत्री लद्रू-रोलँच्या खात्यासाठी ती प्रजासत्ताकाची सरकारी पत्रके लिहीत होती, निनावी. म्हणजे स्त्रीने राजकारणात असावे, फक्त कागदाखाली सही नसावी! आणि विवाहाचा कायदा बदलणार कोण? पुन्हा तीच पुरुषांची सभा. मे १८४८ मध्ये न्यायमंत्री क्रेमियोने घटस्फोट पुन्हा सुरू करण्याचे विधेयक आणले, ते काही महिन्यांत गुंडाळले गेले; घटस्फोट परत आला तो १८८४ मध्ये. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मजुरीवर ताबा मिळाला १९०७ मध्ये. आज्ञापालनाचे कलम गेले १९३८ मध्ये, आणि मत मिळाले १९४४ मध्ये. सँडने सांगितलेला क्रम फ्रान्सने अगदी इमानाने पाळला. त्याला ९६ वर्षे लागली, एवढेच.

अवेळीपणाचा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि सर्वांत कमी वेळा तपासला जातो. स्त्रिया अशिक्षित, पाद्र्यांच्या प्रभावाखाली. त्यांना मत दिले असते तर प्रजासत्ताकच बुडाले असते, असे समजदार रिपब्लिकन तेव्हा म्हणत होते आणि पुढे जवळपास शतकभर म्हणत राहिले. मग ते बुडवले कुणी? १० डिसेंबर १८४८ रोजी पुरुष मतदारांनी सुमारे पंचाहत्तर टक्के मते देऊन लुई-नेपोलियनला अध्यक्ष केले. मे १८४९ मध्ये त्याच मतदारांनी कायदेमंडळात राजेशाहीवाद्यांचे बहुमत बसवले. त्या बहुमताने ३१ मे १८५० च्या कायद्याने जवळपास तीस लाख पुरुषांचीच मते काढून घेतली. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई-नेपोलियनने सभा मोडून सत्ता बळकावली, तेव्हा कौल घेतला गेला आणि सत्तर लाखांवर पुरुषांनी होकार भरला. या सगळ्यात एकाही स्त्रीचे मत नव्हते. ज्या संकटाच्या भीतीने स्त्रियांना दारात अडवले, ते संकट आतल्या लोकांनीच आणले. तरीही अवेळी वागल्याचा शेरा मात्र दारात उभ्या राहिलेल्या बाईला.

जून १८४८ च्या कामगार उठावाच्या आगेमागेच ‘ला व्वा दे फाम’ बंद पडले. जुलैच्या हुकुमाने राजकीय क्लबांत स्त्रियांना बंदी झाली. देरवँने ‘ला पोलितीक दे फाम’ या नावाने पत्र चालवून पाहिले. स्त्रियांच्या नावापुढे राजकारण हा शब्द चालेना, तेव्हा ते ‘लोपिन्याँ दे फाम’ म्हणजे ‘स्त्रियांचे मत’ झाले. ते १८४९ च्या ऑगस्टपर्यंत निघाले आणि वृत्तपत्रांकडून मागितल्या जाणाऱ्या जामीन रकमेच्या ओझ्याखाली बंद झाले. पत्र मरते ते वाचक नसल्याने, असे मानणाऱ्यांनी त्या काळच्या फ्रेंच प्रेस कायद्यांवर एक नजर टाकावी.

याच पत्राच्या आधाराने तिने एप्रिल १८४९ मध्ये पॅरिसच्या सेन विभागातून लोकशाहीवादी समाजवाद्यांकडे उमेदवारी मागितली. प्रचारसभांत ती स्वतः जाऊन उभी राहिली. काही ठिकाणी गोंगाटात का होईना तिला बोलू दिले गेले, काही ठिकाणी अध्यक्षांनी घटनेकडे बोट दाखवले. तिचा मुद्दा साधा होता : स्त्री-पुरुषांनी बनलेल्या समाजाचे कायदे करायला केवळ पुरुषांची सभा तितकीच नालायक, जितकी कामगारांचे हित ठरवायला धनिकांची सभा. समोर बसलेले समाजवादी या वाक्याचा दुसरा भाग रोज ऐकवत असत. पहिल्या भागावर ते अस्वस्थ झाले. याला देखावा म्हणतात. पण देखावा करणाऱ्याला टाळ्या हव्या असतात. देरवँ उत्तर मागत होती, आणि जे उत्तर मिळाले त्यावरून प्रश्न किती वर्मी लागला हे कळते.

उत्तर दिले प्रूदाँने, ‘ल पप्ल’ या आपल्या पत्रातून. मालमत्तेला चोरी म्हणणारा, सत्तेच्या प्रत्येक रूपावर तुटून पडणारा हा विचारवंत. स्त्री कायदे करणार ही कल्पना त्याला पुरुषाने दूधआई होण्याइतकीच अशक्य वाटली. देरवँने त्याला विचारले, की दूधआईला कोणते इंद्रिय लागते ते ठाऊक आहे. कायदे करायला कोणते लागते, तेवढे सांगावे. प्रूदाँपाशी यावर सांगण्यासारखे काही नव्हते आणि त्याने सांगितलेही नाही. त्याच महिन्यात त्याची स्वतःची ‘लोकबँक’ गुंडाळली जात होती, पण त्याच्यावर कुणी स्वप्नाळूपणाचा शिक्का मारला नाही. व्यंगचित्रकार ओनोरे दोमिये याने तर ‘ल शारिवारी’त ‘समाजवादी स्त्रिया’ अशी मालिकाच काढली. नवऱ्याकडे मूल सोपवून, घर वाऱ्यावर टाकून सभेला निघालेल्या बायका हा तिचा विषय. दोमियेची रेघ थोर आहे, विनोद मात्र गल्लीतला आहे. राजाला फुगीर नासपतीच्या रूपात चितारणाऱ्या परंपरेतल्या चित्रकाराला एक शिक्षिका एवढी का झोंबावी?

मातृत्वाच्या भाषेचा आक्षेप बहुधा नंतरच्या, अधिक सहानुभूती असलेल्या अभ्यासकांकडून येतो. देरवँ वारंवार म्हणत असे की आई या नात्याने स्त्रीचे समाजाप्रती कर्तव्य आहे, आणि ते पार पाडायला तिला हक्क हवेत. तिच्या लिखाणात ख्रिस्ती भक्तीचा सूरही दाट आहे, आजच्या वाचकाला तो जड जातो. पण १८४८ चे सगळेच राजकारण या सुरात बोलत होते. त्या वसंतात पाद्री स्वातंत्र्यवृक्षांना आशीर्वाद देत होते आणि समाजवादी येशूला सुतार म्हणून आपल्यात ओढत होते. पुरुषांनी हीच भाषा वापरली की ती युगधर्म आणि देरवँने वापरली की तिचा मागासपणा, हे कसे? शिवाय ती मातृत्वाचा उपयोग स्त्रीला घरात बसवण्यासाठी करत नव्हती, तर तिला सभागृहात न्यायला करत होती. आणि शरीरावरून स्त्रीची पात्रता ठरवणाऱ्या प्रूदाँला तिने दिलेले उत्तर समोर असताना, ती स्त्रीला केवळ गर्भाशय समजत होती असे म्हणणाऱ्याने ते उत्तर वाचलेले नसावे.

आता तिच्या कामातील सर्वांत मोठ्या भागाकडे, ज्याचा उल्लेख निकाल देणारे क्वचितच करतात. ऑगस्ट १८४९ मध्ये, पत्र बंद होता होता, तिने कामगारांच्या सहकारी संघटनांच्या महासंघाची योजना त्यातून मांडली. फेब्रुवारी क्रांतीनंतर पॅरिसमध्ये शिंपी, आचारी, धोबिणी, शिवणकाम करणाऱ्या बायका अशा अनेक धंद्यांतल्या लोकांनी एकत्र येऊन स्वतःचे कारखाने आणि दुकाने काढली होती. प्रत्येकाकडे हात होते, भांडवल नव्हते. देरवँचे म्हणणे असे, की या संघटनांनी एकमेकींच्या मालाची थेट देवघेव करावी, आपसांत चालणाऱ्या चिठ्ठ्यांवर व्याजाशिवाय पत द्यावी, आणि मुले, आजारी, म्हातारे यांची जबाबदारी मिळून उचलावी. ऑक्टोबरपर्यंत महासंघाचे नियम मंजूर झाले आणि शंभराहून अधिक संघटना सामील झाल्या. यात तिच्याबरोबर पोलीन रोलाँ होती, तीही पत्रकार आणि शिक्षिका. रोलाँने गुस्ताव लफ्राँसे याच्यासह समाजवादी शिक्षक-शिक्षिकांची संघटनाही उभी केली होती. स्वप्नाळू बाईने शंभर संघटनांना एका नियमावलीखाली आणले. प्रूदाँच्या बँकेला हे जमले नव्हते.

सरकारला मात्र यातला धोका बरोबर कळला. मे १८५० च्या अखेरीस पोलिसांनी र्यू मिशेल-ल-काँत इथल्या कचेरीतील सभेवर छापा घातला आणि स्त्री-पुरुषांना धरून नेले. सरकार उलथण्याचा कट, असा आरोप ठेवला गेला. नोव्हेंबरमध्ये खटला उभा राहण्यापूर्वी तुरुंगात देरवँकडे बचावपक्षाच्या वतीने एक विनंती आली. सहआरोपींच्या वतीने वकिलाचे म्हणणे असे, की महासंघाची मूळ कल्पना आपली आहे हे तिने कोर्टात सांगू नये. एवढी मोठी चळवळ एका बाईच्या डोक्यातून निघाली असे उघड झाले, तर संघटनेची शोभा होईल. हे म्हणणारे तिचे शत्रू नव्हते. तिच्या योजनेवर उभ्या असलेल्या संघटनेचे, तिच्यासोबत पिंजऱ्यात बसणारे साथी होते. देरवँ तयार झाली. सहकाऱ्यांमध्ये फूट दिसू नये म्हणून तिने कोर्टात त्याबद्दल मौन पाळले, आणि पुढे त्याविषयी स्वतः लिहून ठेवले.

त्याच कोर्टात तिने दुसऱ्या एका बाबतीत मात्र गप्प बसायला नकार दिला. पुरुषांनी केलेल्या कायद्याखाली आपला न्याय होणे आपल्याला मान्य नाही, असा निषेध तिने न्यायाधीशांसमोर नोंदवला. पतीचे नाव का लावत नाही, हेही तिला विचारले गेले. आपल्या कामात पतीला गोवायचे नाही, असा तिचा जबाब होता. शिक्षा झाली सहा महिन्यांची.

तिच्या नावावर एक उमेदवारी सोडून काही नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही जागा पुन्हा वाचावी. तिचे मोठे काम तिच्या नावावर नाही, याचे कारण ते तिने केले नाही हे नव्हे. ते तिच्या नावावर राहू नये, अशी व्यवस्था पुरुष सहकाऱ्यांनी केली. आधी कर्तृत्वावरून नाव पुसायचे आणि मग नाव नाही म्हणून कर्तृत्व नाही असा निष्कर्ष काढायचा, याला इतिहासलेखन म्हणायचे का?

जून १८५१ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार तुरुंगातून देरवँ आणि रोलाँ यांनी अमेरिकेतील स्त्रियांच्या परिषदेला पत्र पाठवले. ते ऑक्टोबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर इथे वाचून दाखवले गेले. फ्रान्समधले व्यासपीठ बंद झाल्यावर तिने समुद्रापलीकडचे शोधले. सुटकेनंतर डिसेंबरचा सत्ताबदल झाला. रोलाँला १८५२ मध्ये अल्जीरियाला हद्दपार केले गेले आणि परत येताना, घरी पोहोचण्याआधी, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ल्याँ इथे तिचा मृत्यू झाला. देरवँने काही महिने कैद्यांच्या कुटुंबांसाठी मदत गोळा केली आणि ऑगस्ट १८५२ मध्ये मुलांना घेऊन लंडन गाठले. तिथे शिकवण्या आणि भरतकाम यांवर तिने घर चालवले. पती तिच्याकडे पोहोचण्यापूर्वीच वारला. स्त्रियांच्या प्रश्नांवरील वार्षिक ‘अल्मानाक दे फाम’चा पहिला अंक तिने पॅरिसहून काढला होता, पुढचे दोन लंडनहून काढले; १८५३ चा फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. हद्दपारांच्या मुलांसाठी शाळा काढून पाहिली, ती चालली नाही. १८८० च्या दशकात पॅरिसमधील मतदान हक्काची कार्यकर्ती युबर्तीन ओक्लेर हिच्याशी तिचा पत्रव्यवहार होता. १८९४ मध्ये तिच्या अंत्यविधीच्या वेळी विल्यम मॉरिस बोलला.

राहिला शेवटचा आक्षेप : हाती काय लागले? लागले नाही, हे खरे. पण ते न लागण्याचे खापर तिच्या घाईवर फोडायचे, तर नंतरच्या शतकात घाई न करणाऱ्यांनी काय केले तेही मोजावे लागेल. नोव्हेंबर १८५१ मध्ये समाजवादी प्रतिनिधी प्येर लरूने सभागृहात स्त्रियांना निदान नगरपालिकेचे मत द्यावे असे सुचवले आणि सभागृह हसले. १९१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने स्त्रियांच्या मताला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. १९२२ मध्ये सिनेटने ती फेटाळली, आणि त्यानंतरही सिनेट तीच भिंत बनून राहिली. कारण दिले गेले तेच, पाद्र्यांच्या प्रभावाचे. मार्च १९४४ मध्ये, युद्धकाळात अल्जीयर्स इथे भरणाऱ्या फ्रेंच सल्लागार सभेत स्त्रियांना मत देण्याच्या फर्नांद ग्रनिये याच्या सूचनेवर चर्चा झाली, तेव्हा एका सदस्याने आक्षेप घेतला की लाखो पुरुष जर्मनीत कैदेत असताना स्त्रियांना मत देणे योग्य नाही, तोल जाईल. १८४८ मध्ये प्रजासत्ताक फार कोवळे होते, १९२२ मध्ये चर्च फार बलवान होते, १९४४ मध्ये पुरुष घरी नव्हते. देरवँ काळाच्या पुढे होती असे म्हणणाऱ्यांनी तिने नेमक्या कोणत्या वर्षी उभे राहायला हवे होते, ते एकदा सांगून टाकावे. ९६ वर्षांत ते वर्ष कुणाला सापडले नाही. तिने मागितले ते ५ मार्च १८४८ च्या हुकुमाने सर्वांना म्हणून जाहीर केलेलेच होते. तिने फक्त ते जाहीर करणाऱ्यांकडून वसूल करायला सुरुवात केली. मागे होते ते हुकूम काढणारे, आणि ते मागे राहिले ते काळामुळे नव्हे, स्वतःच्या मर्जीने. ग्रनियेची सूचना ५१ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाली, २१ एप्रिल १९४४ रोजी अध्यादेश निघाला, आणि २९ एप्रिल १९४५ च्या नगरपालिका निवडणुकांत, लाखो पुरुष अजून परतायचे असताना, फ्रेंच स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले. तोल गेला नाही.